एका मशीनवरची बिऱ्हाडं

क्रिकेटचं नाव काढलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरच्यांना वाटतं, मला खेळ कळत नाही म्हणून. कळतो चांगला. चामराजपेटच्या गल्लीत चौथीपर्यंत मी मुलांच्या बरोबरीनं खेळले आहे आणि समोरच्या किराणावाल्याच्या दोन काचा माझ्या नावावर आहेत. तिडीक जाते ती एका रविवारामुळे. नव्व्याण्णव सालचा उन्हाळा होता, इंग्लंडात विश्वचषक चालू होता, आणि आमची साइट ज्या मशीनवर होती त्याच मशीनवर क्रिकेटचे धावफलक दाखवणारी एक साइट राहत होती. राहत होती असंच म्हणते मी. त्या एका मशीनवर जवळजवळ दोनशे बिऱ्हाडं होती, त्यातलं एक त्यांचं आणि एक आमचं.

आमचं म्हणजे खरं तर अक्काचं.

आम्ही बेंगळूरचे मराठी. किती पिढ्यांचे, ते अण्णालाही नीट सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतो, पण तिच्यात कानडी इतकं मुरलंय की कुठला शब्द कुठला हे आम्हाला कळत नाही. ‘सरी’ म्हणजे बरं. ‘स्वल्प’ म्हणजे थोडं. स्वल्प थांब, स्वल्प सरक, चहात स्वल्प साखर घाल. पुण्याकडचे पाहुणे आले की हे ऐकून गालातल्या गालात हसायचे. त्यांच्याकडे स्वल्प हा पोथीतला शब्द, आम्ही तो चहात ढवळायचो. मला त्या हसण्याचाही राग यायचा, पण तो वेगळा विषय.

आमचं दुकान देवांच्या कपड्यांचं. देवळातल्या आणि देवघरातल्या मूर्तींची वस्त्रं आम्ही शिवतो. वडिलांच्या मागं दुकान अण्णानं सांभाळलं. अण्णा माझा मोठा भाऊ, आणि अक्का आम्हा दोघांची मोठी बहीण. अक्का लग्नानंतर दोन वर्षांत परत आली. का आली ते ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. परत आली त्या आठवड्यापासून ती शिवते आहे, आणि मी सांगते आहे त्या वर्षापर्यंत त्याला अठरा वर्षं झाली होती. दुकानातलं बारीक, अवघड काम सगळं तिचं. पाटीवर नाव अण्णाचं.

घरात शिवणाचं मशीन एकच, पॅसेजमध्ये, न्हाणीघराच्या दाराशी. सकाळी दहापासून चारपर्यंत त्यावर दुकानाचा कारागीर बसायचा. तो उठला की अक्काची पाळी. कुणी आंघोळीला निघालं की तिनं उठून स्टूल सरकवायचं. पाहुणे आले की मशीन मिटून वर चादर टाकायची. या सगळ्याला आमच्या घरात एकच वाक्य होतं, अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट कर. हे वाक्य बेंगळुरात बसमध्ये, बँकेत, देवळाच्या रांगेत, सगळीकडे चालतं आणि लोक ते शहराच्या चांगुलपणाचं लक्षण म्हणून कौतुकानं सांगतात. ज्याला रोज अ‍ॅडजस्ट करावं लागतं त्याला कुणी विचारलंय का, हे मला त्यांना विचारायचं आहे.

मी धाकटी. एका सरकारी कारखान्याच्या संगणक विभागात नोकरीला होते. एका मशीनवर किती लोकांचं काम टाकलं म्हणजे ते बसकण मारतं, हे बघणं हेच माझं काम. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी कुणाकुणाला शिव्या देते तेव्हा त्या यादीत माझं नाव का आहे ते कळेल.

अक्कानं एक गोष्ट स्वतः शोधून काढली होती. देवीला नऊवारी नेसवणं अवघड, आणि परदेशातल्या देवळांत तर ते येणारं कुणीच नसतं. म्हणून तिनं निऱ्या आधीच घालून, आतून नाड्या लावून, शिवलेली नऊवारी तयार केली. मागून दोन नाड्या बांधल्या की झालं. संगमरवराच्या मूर्तीवरसुद्धा ती अशी चोपून बसायची की शिवलेली आहे हे सांगावं लागायचं. हे मी साइटवर घातलं. फोटो घातले. मूर्तीचं माप टेपनं न घेता दोऱ्यानं कसं घ्यायचं, याची अक्कानं पेन्सिलीनं काढलेली चित्रं घातली. लोक येऊन तेच पान सगळ्यांत जास्त वाचायचे. आणि साइटवर नाव घातलं अक्काचं, दुकानाचं नाही. अण्णा म्हणाला, “ते कशाला वेगळं?” मी ऐकलं नाही.

त्या काळी साइट ठेवायला कुणाच्या तरी मशीनवर जागा घ्यावी लागायची. जे. पी. नगरमध्ये एका गृहस्थानं पहिल्या मजल्यावर कंपनी काढली होती. मागच्या खोलीत मशीन, पुढच्या खोलीत तो. शेअर्ड होस्टिंग म्हणजे काय, हे अक्काला समजावताना मी म्हटलं होतं, “एका घरात दोनशे बिऱ्हाडं. नळ एक, जिना एक, भाडं कमी.” अक्कानं मान हलवली. तिला समजायला काहीच अवघड गेलं नाही.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेतून ई-मेलनं पत्र आलं. तिकडच्या मराठी मंडळींनी लक्ष्मी-नारायणाचं नवं देऊळ बांधायला घेतलं होतं. सबंध वर्षाची वस्त्रं हवी होती, सणासणाची वेगळी, देवीची सगळी शिवलेल्या नऊवारीची. त्यांच्या समितीतल्या एक बाई मूळच्या पुण्याच्या. रोमन लिपीत अगदी शुद्ध मराठी लिहायच्या. एप्रिल गेला, मे उजाडला, पत्रं जात-येत राहिली. आणि त्या पत्रांमुळे अक्कानं अठरा वर्षांत पहिल्यांदा अण्णाकडे काहीतरी मागितलं. हे काम आलं तर मागच्या गल्लीतली एक खोली ती भाड्यानं घेणार, आणि तिथं बसून शिवणार. अण्णानं खूप वेळ पान चघळलं आणि म्हणाला, “सरी. आलं तर घे.”

त्या ‘आलं तर’वर अक्का दोन महिने जगली. जाता-येता त्या खोलीच्या खिडकीकडे बघायची. एकदा मला म्हणाली, “उत्तरेचा उजेड आहे गं, जरीचं काम नीट दिसेल.”

समितीनं कळवलं की अमुक रविवारी सकाळी सगळे एकाच्या घरी जमून, संगणकावर तीन दुकानांची कामं बघून निर्णय करतील. तिकडची रविवारची सकाळ म्हणजे आपली रविवारची संध्याकाळ. मी कॅलेंडरवर खूण केली. खूण करताना त्याच चौकोनात अण्णानं आधीच बॉलपेननं सामना लिहून ठेवलेला दिसला, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पडला नाही असं म्हणणंही खोटं आहे. मला सगळं माहीत होतं. फेब्रुवारीपासून मी एका वहीत लिहून ठेवत होते, साइट कधी उघडली नाही, किती वेळ उघडली नाही. ज्या दिवशी सामना, त्या दिवशी आमचं पान रांगत उघडायचं किंवा उघडायचंच नाही. क्रिकेटवाल्यांकडे झुंबड उडायची, मशीनची सगळी ताकद तिकडे जायची, आणि बाकीची बिऱ्हाडं दारं लावून बसायची. मी एकदा जे. पी. नगरला जाऊन मालकाला वही दाखवली होती. त्यानं ती कौतुकानं चाळली, मला कॉफी पाजली आणि म्हणाला, “मेडम, स्वल्प अड्जस्ट माडि. एल्लारू अदरल्ले इद्दारे.” थोडं चालवून घ्या, सगळे त्यातच आहेत.

सगळे त्यातच आहेत, हे आमच्या घरात अण्णाही म्हणाला असता. किंबहुना म्हणालाच. मी त्याला सांगितलं की साइटला स्वतःचं स्वतंत्र मशीन हवं, डेडिकेटेड. तो म्हणाला, “आपण सगळे एका घरात नाही राहत? साइटला काय झालंय वेगळं राहायला?” आणि मी, मशीनवर किती भार पडतो ते बघण्याचा पगार घेणारी बाई, म्हटलं ठीक आहे, अजून थोडे दिवस बघू. पुरावा पक्का होऊ दे. मला एक आकडा हवा होता, ज्याच्या अलीकडे राहायचं आणि पलीकडे गेलं की निघायचं. असा आकडा नसतो. मशीन बदललं तर नवा पत्ता जगभर पोचायला दोन दिवस लागतात, म्हणजे शुक्रवारी हललो असतो तरी चाललं असतं. शुक्रवारी मी वहीत एक नीटनेटकी ओळ लिहिली आणि झोपले.

रविवारी संध्याकाळी सात वाजता मी दुकानातल्या संगणकावर बसले. फोनची तार काढून मोडेमला लावली. साइट उघडली नाही. परत लावलं, नाही. साडेसातला तिकडे लोक जमणार होते. बाहेरच्या खोलीत अण्णा आणि शेजारचे चौघे टीव्हीपुढे ओरडत होते. मी तार परत फोनला लावून जे. पी. नगरला फोन केला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तोपर्यंत अक्का दारात येऊन उभी होती. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती, जणू समिती आमच्याच घरी येणार होती.

“उघडत नाही?” तिनं विचारलं.

“चल,” मी म्हटलं.

रस्ते रिकामे होते. ऑटोवाल्यानं एका हातानं कानाशी ट्रान्झिस्टर धरला होता आणि एका हातानं ऑटो चालवत होता. प्रत्येक चौकाराला तो मागं वळून आम्हाला धावा सांगायचा. अक्का मांडीवर नमुन्यांची पिशवी घेऊन बसली होती. ती कशाला आणलीस, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. दाखवायला कुणी नव्हतं.

मालक आणि त्याचे दोन मित्र पुढच्या खोलीत टीव्ही बघत होते. फोन त्यांच्या बाजूलाच होता. मी म्हटलं, “मी किती वेळ फोन करतेय.” तो म्हणाला, आवाजात ऐकू आलं नाही. मी सांगितलं, आमची साइट आत्ता चालायला हवी, अर्ध्या तासासाठी क्रिकेटवाल्यांना बंद करा. तो असा दचकला, जणू मी त्याला देव्हारा उचलून बाहेर ठेवायला सांगितलं होतं. आज कसं शक्य आहे, मेडम? त्यांच्या नावावर तर माझं नाव झालंय. आणि दोनशे लोक आहेत, कुणी तक्रार केली नाही, तुम्हीच का?

तुम्हीच का. हे दोन शब्द ऐकले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. कानडीत बोलले, मग हिंदीत, मग कुणालाच न कळणाऱ्या मराठीत. त्याचे मित्र एक डोळा टीव्हीवर ठेवून ऐकत होते.

अक्का मधल्या दारातून मागच्या खोलीत गेली होती. तिथं टेबलावर एक करड्या रंगाचा डबा घरघरत होता. तिनं मालकाला विचारलं, “नम्दु याव्दु?” आपलं कुठलं?

तो ओशाळला. म्हणाला, “एल्लारदू ओंदे, अक्का.” सगळ्यांचं एकच.

अक्का त्या डब्याकडे बघत राहिली. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, “पुरे. नको ओरडू.” शेवटी मालकानं मशीन बंद करून परत चालू केलं, पण पाच-दहा मिनिटं जागं झाल्यासारखं करून ते पुन्हा बसलं. सामना संपल्यावर आमचं पान झकास उघडलं. फोटो लखलखीत, दोऱ्याच्या मापाची चित्रं लखलखीत. बघायला जगात कुणी नव्हतं. कोण जिंकलं ते मला आजही माहीत नाही आणि कुणी सांगू नये.

घरी आलो तर अण्णा खुशीत. म्हणाला, “तुमच्या अमेरिकेच्या बाईंचा फोन आला होता. साइट उघडत नाही म्हणाल्या. मी सांभाळून घेतलं.”

मंगळवारी पत्र आलं. मी ते छापून आणलं आणि जेवणानंतर सगळ्यांसमोर वाचलं. बाईंनी फार सभ्यपणे लिहिलं होतं. साइट दिसू शकली नाही याचं वाईट वाटलं. म्हणून फोन केला, तेव्हा आपल्या बंधूंशी बोलणं झालं. आपल्याकडे काम स्वल्पच चालतं, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. एवढा प्रामाणिकपणा हल्ली दुर्मीळ आहे. मात्र आमचं काम सबंध वर्षाचं, मोठं, तेव्हा त्याचा बोजा आपल्यावर टाकणं समितीला योग्य वाटलं नाही. ते पुण्याच्या एका दुकानाला दिलं आहे.

अण्णा म्हणाला, “मी असं कुठं म्हटलं? मी म्हटलं, स्वल्प काम चाललंय. साइटचं. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, म्हटलं.”

“हेच म्हटलंस,” मी म्हटलं. “त्यांनी हेच ऐकलं.”

“म्हणजे?”

“त्यांच्याकडे स्वल्प म्हणजे अगदी नगण्य. तू त्यांना सांगितलंस, आमचं काम नगण्य आहे, चालवून घ्या.”

अण्णाचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नाही. पण त्या वेळी त्याचा पडलेला चेहराही मला सहन झाला नाही. अठरा वर्षं त्यानं अक्काला हाच शब्द ऐकवला होता, आणि एकदाच तो बाहेरच्या माणसाला ऐकवला तर त्या माणसाला त्याचा खरा अर्थ कळला. हे मी त्याला तोंडावर म्हटलं. वहिनी उठून आत गेली. मी बाईंना त्याच दिवशी लांबलचक उत्तर पाठवलं, बेंगळूरच्या मराठीचा धडाच दिला म्हणा ना. त्यांचं उत्तर आलं, फार वाईट वाटलं, पण शब्द दिला गेला आहे.

खोली गेली. पुढच्या महिन्यात तिथं एक झेरॉक्सवाला आला.

अक्का रडली नाही. पत्र वाचलं त्या रात्री मी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होते, तिथं ती आली. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “मला आता माझं एक मशीन हवं. त्यावर दुसरं कुणी नको. काम येवो न येवो.”

मी म्हटलं, “उद्याच घेऊ. मी रजा टाकते. माझी साठवण आहे ती सगळी घालू. एस. पी. रोडला जाऊ.”

“तिथं मिळतं?” तिनं विचारलं.

“तिथं नाही तर कुठं? सुटे भाग घ्यायचे, समोर बसून जोडून घ्यायचं.”

तिनं जरा माझ्याकडे बघितलं. “सरी,” म्हणाली. “तुला कळतं त्यातलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चालतच निघालो. चिकपेटेच्या वळणावर शिलाई मशीनचं दुकान आहे. अक्का माझ्या आधी त्या दुकानाच्या पायरीवर चढली. दाराशीच एक नवं मशीन मांडलं होतं, काळं, चाकाला अजून तेलाचा वास. तिनं चाकावर तळवा ठेवला आणि हळूच एक फेरा फिरवला. दुकानदार म्हणाला, बसून बघा अक्का. मी घड्याळात बघितलं. जे. पी. नगरचा मालक दोनला जेवायला जातो, त्याच्या आत जोडून, नेऊन, लावून व्हायला हवं होतं. मी म्हटलं, “अक्का, चल गं. आपल्याला उशीर होतोय.”

तिनं हात काढला आणि माझ्यामागून आली.

एस. पी. रोडवर, संगणकांच्या बाजारात, एका बोळातल्या दुकानात आम्ही दोन तास बसलो. मी एकेक भाग निवडत होते, भांडत होते, मला भांडायला कुणीतरी हवंच होतं. अक्का स्टुलावर गप्प होती. मला वाटलं, तारा आणि पट्ट्या बघून दबून गेली असेल. जोडलेलं मशीन ऑटोत दोघींच्या मध्ये ठेवून आम्ही जे. पी. नगरला नेलं. मालकानं निमूटपणे जागा करून दिली. इंटरनेटची लाइन अजून सगळ्यांची एकच राहणार होती, पण तुंबायचं ते मशीन, लाइन नाही, हे माझ्या वहीत पानोपानी होतं. मी दुपारी दीडला साइट हलवली. आमचं पान त्या मशीनवर एकटं उभं राहिलं आणि मला असं वाटलं, मी जग जिंकलं.

“अक्का, यावर आता फक्त तू,” मी म्हटलं. “नाव घाल.”

तिच्या पिशवीत शिंप्याचा खडू असतोच. तिनं डब्याच्या बाजूला आपलं नाव लिहिलं, सावकाश, वळणदार. मग खडू परत पिशवीत ठेवला.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. पॅसेजमध्ये दुकानाचा कारागीर मशीन चालवत होता. मी हात-पाय धुवून चहा टाकला आणि दोन कप घेऊन बाहेर आले, तर अक्का न्हाणीघराच्या पायरीवर बसलेली. मांडीवर निळी वस्त्रपट्टी, हातात सुई.

“इथं का बसलीस?”

“चारला उठतील ते,” ती म्हणाली. “तोवर हातानं टाके घालते.”

मी कप खाली ठेवला. माझ्या पर्समध्ये ती वही होती. दुसऱ्याच्या गर्दीनं आपलं काम अडतं, आपली वेळ दुसरा ठरवतो, बोलावं तर सगळे असेच राहतात म्हणतात, अशी वेळ आली की निघावं, हे त्यात मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं. अठरा वर्षं हे माझ्या डोळ्यांपुढे पॅसेजमध्ये चालू होतं, आंघोळीला जाताना मी स्वतः तिला स्टूल सरकवायला लावत होते, आणि मी वही ठेवली ती जे. पी. नगरच्या डब्याची.

आणि मग मला ते चाक आठवलं. आमच्या घरात मशीन म्हटलं की एकच. माझा जन्म त्याच घरातला. अण्णाला शब्दाचा अर्थ शिकवणारी मी, गच्चीवर तिनं मशीन म्हटलं तेव्हा मला काय ऐकू आलं होतं?

“अक्का,” मी म्हटलं, “तू काल कुठलं मशीन म्हणाली होतीस?”

तिनं दोरा दातानं तोडला. माझ्याकडे बघितलं नाही. माझी साठवण त्या डब्यात गेली हे तिला माहीत होतं.

“जाऊ दे गं,” ती म्हणाली. “तेही लागणारच होतं. मी स्वल्प अ‍ॅडजस्ट करते.”

क्रिकेटवर राग धरणं सोपं आहे. म्हणून मी तो अजून धरून आहे.